पाळणा लांबविण्याची सुई आणि त्यानंतरची वाट



ज्या गावाचे नाव आडनावात घेऊन नरहर कुरुंदकर महाराष्ट्रभर व्याख्याने देत हिंडले, त्या कुरुंद्यात बोलावयास उभे राहायचे म्हणजे कोणाही वक्त्याच्या पोटात गोळा यावा. त्यातून आमचा विषय इतिहासाचा नाही की साहित्याचा नाही. बायका ज्याबद्दल माजघरात कुजबुजतात आणि पुरुष ज्याबद्दल मुळीच बोलत नाहीत, असा तो आहे. पाळणा लांबविण्यासाठी घेतलेले इंजेक्शन बंद केल्यावर दिवस केव्हा राहतात, आणि राहावयास उशीर झाला तर दोष कोणाचा, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

या विषयावर चारचौघांत बोलावे काय, अशी शंका कोणास आली असेल, तर एक आठवण करून देतो. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यापायी प्राध्यापकी गेली, खटले झाले, टिंगल झाली. नको असलेले मूल टाळण्याचे ज्ञान स्त्रीला मिळाले पाहिजे, हे त्यांचे सांगणे होते. आमचा आजचा प्रश्न त्याच्या पुढच्या पायरीवरचा आहे. पाळणा थांबविला, ठीक. पण तो पुन्हा हलवायचा म्हटले की काय होते?

एक प्रसंग सांगतो. माघ-फाल्गुनाचे दिवस होते, शिवारात हळद शिजत होती. आमच्याकडे एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सासूचे हात मनगटापर्यंत पिवळे झालेले, म्हणजे काम टाकून आली होती. बसताच म्हणाली, “डॉक्टर, पहिल्या नातीवर हिनं सुया घेतल्या. आता आठ महिने झाले सोडून, काहीच न्हाई. सुयांनी कूस जळाली का काय, खरं सांगा.” सून खाली मान घालून बसली होती. नवरा बाहेर मोटारसायकलीपाशी उभा होता. आत येण्याची त्याला गरज वाटली नव्हती.

आम्ही सुनेला कार्ड मागितले. तिने ते पिशवीतून काढून दिले. एका वर्षात चार सुया, शेवटची मृगाच्या तोंडाशी. पाळी अजून नीट सुरू झाली नव्हती. बाकी प्रकृती ठणठणीत. आम्ही सासूला म्हटले, “आजी, हिच्यात काही बिघाड दिसत नाही. अजून वेळच झालेली नाही.” म्हातारीचा विश्वास बसला नाही. आठ महिने ही तिच्या हिशेबाने फार मोठी मुदत होती, आणि हा हिशेब चुकीचा आहे हे तिला, सुनेला किंवा त्या मोटारसायकलवाल्याला सुई देताना कोणीच सांगितले नव्हते. सुई कोठे घेतली हे येथे महत्त्वाचे नाही. असे कित्येक ठिकाणी घडते.

तेव्हा हा हिशेब आधी नीट मांडू.

या औषधाचे लांबलचक नाव डेपो मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट. नाव विसरलात तरी चालेल, त्यातला ‘डेपो’ हा शब्द तेवढा लक्षात ठेवा. डेपो म्हटले की आपणांस वसमतचा एस.टी. डेपो आठवतो. तेथेही अर्थ तोच आहे: डेपो म्हणजे कोठार, साठा. सगळ्या गाड्या एकदम बाहेर पडत नाहीत, वेळापत्रकाप्रमाणे एकेक सुटते. या औषधाचे अतिशय बारीक कण पाण्यात कालवलेले असतात. दंडाच्या किंवा कुल्ल्याच्या स्नायूत दीडशे मिलिग्रॅमची मात्रा दिली की ते कण तेथेच साठून राहतात आणि थोडे थोडे विरघळून रक्तात येतात. म्हणूनच सुई घेतलेली जागा चोळू नये, शेकू नये असे सांगतात. चोळले तर साठा लवकर उधळतो. अलीकडे कातडीखाली द्यावयाची लहान मात्रेची सुईही निघाली आहे. तिचाही मार्ग हाच.

रक्तात आलेले औषध मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला गप्प बसविते. एरवी ही ग्रंथी महिन्यातून एकदा अंडाशयाला हाक देते आणि एक बीज पक्व होऊन बाहेर पडते. हाकच गेली नाही तर बीज बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाचा चिकट स्राव दाट होतो, पुरुषबीजाला वाट मिळत नाही, आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते.

हे अस्तराचे प्रकरण जरा विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण साऱ्या भीतीचे मूळ येथे आहे. ही सुई वर्षभर घेणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्यांहून अधिक स्त्रियांची पाळी थांबते. मग शेजारणी म्हणतात, विटाळ बाहेर पडत नाही, म्हणजे आत साठतो. साठतो म्हणजे त्याची गाठ होते. गाठ झाली म्हणजे कूस गेली. ऐकणारीला हे खरे वाटते, कारण तर्क सरळ आहे. पण त्यातली पहिलीच पायरी खोटी आहे. पाळीचे रक्त म्हणजे शरीरातील घाण नव्हे. गर्भ येईल म्हणून गर्भाशय दर महिन्याला आतून जाड अस्तर तयार करते, आणि गर्भ आला नाही की ते मोडून टाकते. ते मोडलेले अस्तर व रक्त म्हणजे पाळी. सुईमुळे अस्तर जाड झालेच नाही, तर मोडावयाचे काय आणि पडावयाचे काय? हौदात पाणीच भरले नाही, तर तो तुंबेल कसा?

आता सुई बंद केल्यावर काय होते ते पाहू. तीन महिन्यांची सुई म्हणजे तीन महिने संपताच औषध संपले, असे लोक समजतात. वस्तुतः तीन महिने ही खात्रीची मुदत आहे. पुढची सुई थोडी चुकली तरी स्त्री उघडी पडू नये म्हणून साठा त्याहून जास्त काळ पुरेल असाच ठेवलेला असतो. शेवटच्या सुईनंतर रक्तातून औषध पूर्ण नाहीसे व्हावयास साधारणपणे १२० ते २०० दिवस लागतात. काही स्त्रियांत लवकर, काहींत उशिरा. त्यानंतर ग्रंथी जागी होते, हाक देऊ लागते, बीज पक्व होऊ लागते. आणि तेथून पुढे कोणत्याही जोडप्याला लागतो तो नेहमीचा वेळ लागतो, कारण निरोगी जोडप्यालाही पहिल्याच महिन्यात दिवस राहतात असे थोडेच आहे!

शेतकऱ्यांना हे समजावयास वेळ लागू नये. काळ्या जमिनीत धो धो पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी ऊन पडले तरी कोणी तिफण जुंपत नाही. जमीन वरून सुकलेली दिसते, आत ओल गच्च असते. वाफसा यावा लागतो. मुरमाड जमिनीला दोन दिवसांत येतो, भारी काळीला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून काळी जमीन नापीक, असे कुरुंद्यात कोणी म्हटले तर त्याला लोक हसतील. मग सुनेच्या बाबतीत तेच म्हणताना मात्र कोणी हसत नाही.

आकडे काय सांगतात? मूल हवे म्हणून सुई बंद केलेल्या स्त्रियांचा अमेरिकेत पाठपुरावा झाला. ज्यांना दिवस राहिले त्यांच्यापैकी निम्म्या स्त्रियांना शेवटच्या सुईपासून दहा महिन्यांच्या आत राहिले, निम्म्यांना त्यानंतर. सर्वांत लवकर चार महिन्यांत, सर्वांत उशिरा एकतीस महिन्यांत. शंभरांतल्या ६८ जणींना बारा महिन्यांत, ८३ जणींना पंधरा महिन्यांत आणि ९३ जणींना अठरा महिन्यांत. थायलंडमधील चिआंग माई येथे एका मिशन रुग्णालयाने १९६५ पासून ही सुई खेड्यापाड्यांतील स्त्रियांना द्यावयास सुरुवात केली होती. तेथेही पुढे सुई सोडलेल्या स्त्रिया आणि तांबी काढलेल्या स्त्रिया यांची तुलना झाली. सुईवाल्या सुरुवातीला मागे पडल्या, पण दोन वर्षे उलटेपर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक जणींना दिवस राहिले होते. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, की इतर साधनांपेक्षा या सुईनंतर सरासरी चार महिने जास्त लागतात.

एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दोन सुया घेतल्या की दहा घेतल्या, याने ही मुदत बदलत नाही. पहिल्या सुया केव्हाच विरून गेलेल्या असतात. वाट पाहावयाची ती फक्त शेवटच्या सुईची. “चार-चार सुया घेतल्यास, मग आता भोग,” असे जे सुनावले जाते त्याला काही आधार नाही. तसेच या सुईनंतर झालेल्या मुलात तिच्यामुळे काही व्यंग येते, असेही दिसलेले नाही.

आता त्या पिवळ्या हातांच्या आजीचा हिशेब करू. शेवटची सुई मृगात, म्हणजे जूनमध्ये. तिची खात्रीची मुदत भाद्रपदापर्यंत. दहा महिने भरतात एप्रिलमध्ये, पाडव्याच्या पुढेमागे. अठरा महिने भरतात त्याच्याही पुढच्या दत्तजयंतीच्या सुमारास. आणि म्हातारी आमच्याकडे आली होती फेब्रुवारीत! निम्म्या बायकांचीही वेळ अजून झालेली नव्हती. ती मंडळी पुढे दिवाळीपर्यंत आमच्याकडे फिरकली नाहीत. आली तेव्हा सुनेला चौथा महिना होता. ही गोष्ट चांगली झाली. पण मधल्या आठ-नऊ महिन्यांत त्या मुलीने घरात काय काय ऐकले असेल, ते कोणत्याही कार्डावर लिहिलेले नसते.

या सुईचा आपल्या देशातील इतिहास थोडा गुंतागुंतीचा आहे. तो सांगतो, कारण न सांगण्याच्या या दोषाशी त्याचा संबंध आहे. १९८० नंतरच्या दशकात नेट-एन नावाच्या दुसऱ्या एका इंजेक्शनचे प्रयोग सरकारने चालविले होते. ज्या स्त्रियांवर हे प्रयोग होत होते त्यांना हा प्रयोग आहे हे धड सांगितले जात नाही, असा आक्षेप घेऊन हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डेपोची सुई १९९३-९४ च्या सुमारास खाजगी दवाखान्यांत आली. सरकारी कार्यक्रमात मात्र ती घ्यावी की नाही यावर वर्षानुवर्षे वाद चालला. स्त्री-संघटनांचे म्हणणे असे, की जेथे बाईशी दोन मिनिटे बोलावयास कोणाला वेळ नाही, तेथे असे महिनोन्‌महिने अंगात राहणारे औषध देऊ नये. शेवटी २०१५ साली औषधविषयक सल्लागार मंडळाने संमती दिली आणि २०१७ साली ‘अंतरा’ या नावाने ही सुई सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळू लागली. दोन मुलांत अंतर म्हणून अंतरा. नाव मोठे छान आहे. गाण्यात अंतरा आळवून झाला की गायक पुन्हा स्थायीवर येतो. या अंतऱ्यावरून परत यावयास जरा वेळ लागतो, एवढे ऐकणाऱ्याला आधी ठाऊक हवे.

आमचे मत विचाराल तर सुई चांगली आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ती घेता येते, रोज गोळीची आठवण ठेवावी लागत नाही, घरात डबी सापडण्याची भीती नाही. मराठवाड्यात पाळणा थांबवावयाचा म्हणजे एकदम बाईचे ऑपरेशन, अशी जी रीत पडली आहे, तिच्यापेक्षा अशी परतीची वाट असलेली साधने हजारपट बरी. पण ज्या जोडप्याला सहा-आठ महिन्यांतच मूल हवे आहे, किंवा बाई पस्तिशीला टेकली असून तिला अजून एक मूल पाहिजे आहे, तिला ही सुई सुचविणारा सल्लागार आपले काम नीट करीत नाही. तिला निरोध, गोळ्या किंवा तांबी अधिक सोयीची. ती सोडल्यावर इतका खोळंबा होत नाही. म्हणून पहिली सुई घेण्याआधी बाईला एकच प्रश्न विचारला पाहिजे: पुढचे मूल केव्हा हवे? उत्तर आले की त्यातून दहा-बारा महिने वजा करावे आणि शेवटची सुई त्याच्या आधी संपवावी. मधल्या काळात निरोध वापरता येतो.

येथे उलट्या बाजूचा इशाराही देऊन ठेवतो. उशीर लागतो असे ऐकून काही जोडपी निर्धास्त होतात, सुईची तारीख टळली तरी काही करीत नाहीत, आणि मग अनपेक्षितपणे दिवस राहतात. उशीर ही सरासरीची गोष्ट आहे. चार महिन्यांत दिवस राहिलेल्या बायकाही त्याच यादीत आहेत. शिवाय बीज आधी सुटते आणि पाळी त्यानंतर चौदा-पंधरा दिवसांनी येते. म्हणून पाळी परत आलेली नसतानाही गर्भ राहू शकतो. मळमळ वा शीण वाटू लागला तर “पाळीच नाही, मग दिवस कसले?” असे म्हणून बसू नये. आशाताईंकडे लघवी तपासण्याचे निश्चय किट मोफत मिळते.

वाट पाहण्याच्या काळात काय करू नये, हे आधी सांगतो, कारण पैसा आणि प्रकृती दोन्ही येथेच जातात. पाळी आणण्याच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणून घेऊ नयेत. त्यांनी रक्त जाते, घरच्यांचे समाधान होते. पण आलेले रक्त म्हणजे सुटलेले बीज नव्हे. औषध अंगातून धुऊन काढणारे दुसरे औषध नाही. गर्भाशय ‘साफ’ करून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तेथून सरळ उठून यावे. साफ करण्यासारखे तेथे काही नसते, आणि विनाकारण खरवडल्याने खराखुरा बिघाड होऊ शकतो. अंगारे-धुपाऱ्यांनी त्यामानाने नुकसान कमी, कारण ते पोटापर्यंत पोचत नाहीत. मात्र बुवा बाईच्या अंगात दोष आहे असे सांगतो, तेव्हा तो घरात विष कालवितो.

करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आताच घ्याव्यात. फॉलिक ॲसिडची रोज चारशे मायक्रोग्रॅमची मात्रा दिवस राहण्याआधीपासून चालू ठेवावी. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, आणि तेव्हा आईला पुष्कळदा पत्ताही नसतो. मिश्री सोडावी, आणि नवऱ्याने तंबाखू-गुटखा सोडावा. सुईने काहींचे वजन वाढते, ते थोडे उतरवावे. दर दोन-तीन दिवसांनी संबंध यावा. पाळी अनियमित असताना कॅलेंडरवर दिवस मोजत बसण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? शेवटच्या सुईला वर्ष उलटूनही पाळी आली नाही, तर एकदा दाखवून घ्यावे. पाळी सुरळीत झाली आणि त्यानंतर वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा शेवटच्या सुईला दीड वर्ष झाले, तर रीतसर तपासणी करावी. बाई पस्तिशीच्या पुढे असेल, पूर्वीपासून पाळी अनियमित असेल, क्षयरोग झालेला असेल किंवा ओटीपोटाचे मोठे दुखणे झालेले असेल, तर इतके थांबू नये. आणि पाळी चुकलेली असताना थोडे थोडे रक्त जाऊन ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गर्भ नळीत अडकल्याचे ते लक्षण असू शकते.

तपासणीला दोघांनी जावे, हे मात्र आवर्जून सांगतो. मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा दोघांचे मिळून. आमच्याकडे आलेल्या एका जोडप्याने पूर्ण दोन वर्षे सुईला शिव्या देण्यात घालविली. बाईच्या सोनोग्राफ्या झाल्या, नळ्यांची तपासणी झाली, नांदेडच्या दोन खेपा झाल्या. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपी, आणि ती सर्वांत शेवटी झाली. कारण तेथे होते. ‘पहिले मूल झाले होते ना?’ असा त्याचा प्रश्न होता. झाले होते, पण मधल्या वर्षांत पुरुषाची प्रकृतीही बदलते. त्यावर उपचार होते, आणि दोन वर्षे आधी सुरू करता आले असते.

येथे जमलेल्या सासवांना आणि नवऱ्यांना आमची एक विनंती आहे. सुई घेतलेल्या बाईला प्रत्येक सुईची तारीख लिहिलेले कार्ड मिळते. ते लहान मुलाच्या लसीच्या कार्डासारखेच डब्यात, शिधापत्रिकेशेजारी जपून ठेवा. पुष्कळ बायका सुया संपल्या की ते टाकून देतात, आणि मग आम्ही विचारले की “हळदीच्या आधी का नंतर” असा वाद घरातच सुरू होतो. डॉक्टरांकडे येताना ते कार्ड घेऊन या, आणि मोटारसायकल बाहेर लावून स्वतःही आत या.